माय-एसक्यूएल रीस्टार्टनंतर जावा युटिलिटीचं कनेक्शन नापास, आणि कुणी हाताने लॉगइन केलं की लगेच पास

आधी लक्षण नेमकं सांगतो, कारण ते जुळलं तरच पुढचं तुमच्या कामाचं.

रात्री डेटाबेस सर्व्हर रीस्टार्ट होतो. पहाटेचा बॅच जॉब सुरू व्हायच्या आधी क्रॉनमधून (ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीतून) एक छोटी जावा युटिलिटी चालते. तिचं काम एवढंच, की डेटाबेसला कनेक्शन लागतंय का ते बघायचं. लागलं तर शून्य परत करायचं, नाही तर एक. रीस्टार्टच्या दुसऱ्या दिवशी ती हमखास एक परत करते आणि बॅच अडकतो. डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) उठवलं जातं. तो त्याच युजरने, त्याच पासवर्डने कमांड लाइनवरून लॉगइन करतो, सहज आत जातो आणि म्हणतो, "चालतंय की." आपण युटिलिटी पुन्हा चालवतो, तर खरंच चालते. मग पुढच्या रीस्टार्टपर्यंत कुणाला काही आठवत नाही.

आमच्या एका ग्राहकाकडे हे पाच महिने असंच चाललं होतं. दर वेळी तिकिटावर "नेटवर्कची तात्पुरती अडचण, आपोआप सुटली" असं लिहून ते बंद व्हायचं. ते वाक्य मला अजून खुपतं. अडचण आपोआप सुटत नव्हती, डीबीएच्या लॉगइनमुळे सुटत होती. पाचही वेळा आम्ही ते समोर बसून बघितलं आणि त्याचा अर्थ लावला नाही.

(पुढे सेटिंगांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. फाइलीत टाकताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांतच टाका.)

युटिलिटी काय लपवत होती

अडचण इतकी टिकली याचं पहिलं कारण युटिलिटीतच होतं. तिच्या कॅच ब्लॉकमध्ये एकच ओळ छापली जायची, "कनेक्शन अयशस्वी". पासवर्ड चुकला, पोर्ट बंद आहे, ड्रायव्हरची (जावाला डेटाबेसशी बोलता यावं म्हणून लागणाऱ्या लायब्ररीची) जार फाइल सापडली नाही, सर्व्हर अजून उठतोय, काहीही झालं तरी तेच वाक्य. वर तीन वेळा, दहा-दहा सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करायची सोय होती, आणि तिचा या अडचणीत एकदाही उपयोग झाला नव्हता.

मी ती ओळ काढून चार गोष्टी छापायला लावल्या: एक्सेप्शनच्या क्लासचं पूर्ण नाव, एसक्यूएल-स्टेट (एररचा प्रकार सांगणारा ठरीव कोड), व्हेंडर कोड (माय-एसक्यूएलचा स्वतःचा एरर क्रमांक), आणि गेट-कॉजने खाली खाली जात प्रत्येक मूळ कारणाचा संदेश. पुढच्या रीस्टार्टनंतर लॉगमध्ये आलं:

जावा.एसक्यूएल.एसक्यूएलनॉनट्रान्झियंटकनेक्शनएक्सेप्शन: पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड

तीन वेळा प्रयत्न करून काही का होत नव्हतं, ते क्लासच्या नावातच लिहिलंय. नॉन-ट्रान्झियंट म्हणजे कारण दूर केल्याशिवाय पुन्हा प्रयत्न करून न सुटणारी चूक. पासवर्ड चुकीचा असता तर व्हेंडर कोड १०४५ आणि एसक्यूएल-स्टेट २८००० आली असती. नेटवर्क तुटलं असतं तर ०८एस०१ आणि कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर. म्हणजे "नेटवर्क" हा तिकिटावरचा शब्द पहिल्या दिवसापासून चूक होता.

रीस्टार्टने नेमकं काय पुसलं जातं

माय-एसक्यूएल ५.७ पर्यंत नव्या युजरला मुळात माय-एसक्यूएल-नेटिव्ह-पासवर्ड हा (पासवर्ड तपासणारा) प्लगइन मिळायचा. ८.०.४ पासून तो बदलून कॅशिंग-शा२-पासवर्ड झाला, आणि एप्रिल २०१८ मध्ये ८.० ची स्थिर आवृत्ती आली ती हाच प्लगइन घेऊन. नावातला "कॅशिंग" हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा आहे.

या पद्धतीत लॉगइनचे दोन रस्ते आहेत. सर्व्हरच्या मेमरीतल्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) त्या खात्याची नोंद असेल तर जवळचा रस्ता: क्लायंट पासवर्डच्या हॅशवरून (पासवर्डपासून काढलेल्या, उलट न फिरवता येणाऱ्या खुणेवरून) एक कोडं सोडवून पाठवतो, सर्व्हर कॅशमधल्या नोंदीशी ते ताडून बघतो, झालं. पासवर्ड स्वतः वायरवर जातच नाही, म्हणून टीएलएस (वायरवरचा डेटा कुलूपबंद करणारी पद्धत; एसएसएल हे तिचं जुनं नाव) नसलं तरी अडत नाही. कॅशमध्ये नोंद नसेल तर लांबचा रस्ता. तिथे सर्व्हरला खरा पासवर्ड हवा असतो, कारण डिस्कवरचा हॅश हजारो फेऱ्यांचा आणि मीठ (सॉल्ट, म्हणजे पासवर्डात मिसळलेला यादृच्छिक मजकूर) घातलेला असतो. तो पडताळायला मूळ पासवर्ड लागतो. हा पासवर्ड जाऊ शकतो तो टीएलएसमधून, त्याच मशीनवरच्या युनिक्स सॉकेटवरून, किंवा सर्व्हरच्या आरएसए पब्लिक कीने (जिने कुलूप लावता येतं पण उघडता येत नाही अशा किल्लीने) कुलूपबंद करून. क्लायंटकडे यातलं काहीच नसेल तर तो सर्व्हरकडे पब्लिक की मागू शकतो, पण कनेक्टर-जे (माय-एसक्यूएलचा जावा ड्रायव्हर) ती परवानगीशिवाय मागत नाही. आपल्या लॉगमधलं वाक्य म्हणजे हाच नकार आहे, आणि तो सर्व्हरने दिलेला नाही, ड्रायव्हरने दिलेला आहे.

कॅश मेमरीतच राहते. सर्व्हर बंद झाला की सगळी जाते. फ्लश प्रिव्हिलेजेस (खात्यांच्या परवानग्या पुन्हा वाचायला लावणारी कमांड) चालवलं तरी सगळी जाते. एखाद्या खात्याचा पासवर्ड बदलला, ते खातं काढलं किंवा त्याचं नाव बदललं तर तेवढी नोंद जाते.

आता डीबीएचं लॉगइन पुन्हा बघा. माय-एसक्यूएलचा कमांड लाइन क्लायंट सर्व्हरला टीएलएस येत असेल तर न सांगता टीएलएस वापरतो, आणि सर्व्हरवरच बसून केलं असेल तर बहुधा सॉकेटवरून जातो. म्हणजे तो लांबच्या रस्त्याने बिनतक्रार आत जातो आणि जाता जाता कॅशमध्ये नोंद करून ठेवतो. पुढच्या मिनिटाला आपली जावा युटिलिटी जवळच्या रस्त्याने आत. हे लक्षात आलं त्या रात्री मला खरोखर आनंद झाला होता. पाच महिन्यांचा प्रत्येक प्रसंग, एकही न वगळता, यात बसत होता.

मग यूआरएलमध्ये टीएलएस बंद कुणी केलं?

आमच्या जेडीबीसी यूआरएलच्या (जावाला डेटाबेसचा पत्ता आणि सेटिंगं सांगणाऱ्या ओळीच्या) शेवटी यूज-एसएसएल=फॉल्स होतं. तुमच्याकडेही बहुतेक असेल, आणि ते का टाकलं हे सांगणारं आता कुणी उरलेलं नसेल. दोन लाटांत ते पसरलं असं मला दिसतं. कनेक्टर-जे ५.१.३८ पासून, सर्व्हरची ओळख न पडताळता एसएसएल वापरणं योग्य नाही अशी सूचना प्रत्येक कनेक्शनला लॉगमध्ये यायची. लॉग भरून जायचे, आणि ती बंद करायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणून लोकांनी हे टाकलं. दुसरी लाट एप्रिल २०२१ ची. जावा ८ च्या २९१ क्रमांकाच्या अपडेटने टीएलएस १.० आणि १.१ मुळातच बंद केलं. जुने ५.१ चे कनेक्टर तेवढंच बोलायचे, त्यामुळे हँडशेक फेल होऊ लागला, आणि घाईत पुन्हा तोच उपाय. ५.७ वर याने काही बिघडत नव्हतं. सर्व्हर ८.० वर नेला, नवी खाती नव्या प्लगइनने तयार झाली, यूआरएल मात्र जुनीच राहिली.

तुमच्याकडे हेच आहे का, ते दहा मिनिटांत कळतं

चाचणी सर्व्हरवर करा, प्रॉडक्शनवर नको. आधी खातं कोणत्या प्लगइनवर आहे ते बघा: माय-एसक्यूएल स्कीमातल्या युजर टेबलमधून युजर, होस्ट आणि प्लगइन हे तीन कॉलम काढा. कॅशिंग-शा२-पासवर्ड दिसत नसेल तर ही पोस्ट इथेच सोडा, तुमचं दुखणं वेगळं आहे.

दिसत असेल तर ॲडमिन म्हणून फ्लश प्रिव्हिलेजेस चालवा आणि लगेच युटिलिटी चालवा. ती पडली पाहिजे. मग कमांड लाइन क्लायंटने युटिलिटीच्याच युजरने एकदा लॉगइन करून बाहेर या आणि युटिलिटी पुन्हा चालवा. आता ती पास झाली तर निदान पक्कं. जावा बाजूला ठेवूनही हेच दाखवता येतं: फ्लशनंतर कमांड लाइन क्लायंटला एसएसएल-मोड=डिसेबल्ड देऊन टीसीपीवरून लॉगइन करा, म्हणजे २०६१ क्रमांकाची चूक येते आणि ती सांगते, की या लॉगइनला सुरक्षित कनेक्शन लागतं. डीबीएला पटवायला हे फार उपयोगी पडलं, कारण त्यांच्या हातातल्या हत्याराने तीच चूक आली.

इथे एक फसगत होते. कॅशची नोंद युजरच्या नावावर नसते, युजर आणि होस्ट मिळून जे खातं बनतं त्यावर असते. बॅच नावाचा युजर लोकलहोस्टसाठी एक आणि टक्क्याच्या चिन्हासाठी (म्हणजे कुठल्याही होस्टसाठी) एक असा दोनदा असेल, तर सर्व्हरवर बसून केलेलं लॉगइन पहिल्या खात्याची नोंद करतं आणि दुसऱ्या मशीनवरची युटिलिटी पडतच राहते. मग लोक म्हणतात, "आमच्याकडे लॉगइन करूनही सुटत नाही." आपण कोणत्या खात्याने आत आलो हे सिलेक्ट करंट-युजर ने कळतं. दोन्हीकडून चालवून जुळतंय का ते बघा.

प्रॉडक्शनवर फ्लश प्रिव्हिलेजेस का नको म्हणतोय तेही सांगतो. टीएलएस नसलेल्या दुसऱ्या ॲप्सची खातीही त्याने कॅशमधून जातात. ती लगेच पडत नाहीत, कारण उघडी कनेक्शन पुन्हा पासवर्ड विचारत नाहीत. पण हिकारी-सीपीसारखा पूल (कनेक्शन उघडी ठेवून ॲपला पुन्हा पुन्हा वापरायला देणारी लायब्ररी) मूळ सेटिंगवर एक कनेक्शन जास्तीत जास्त ३० मिनिटं ठेवतो, मग नवं उघडायला जातो. म्हणजे तुम्ही कमांड दिल्यावर पुढच्या अर्ध्या तासात एकेक करून ॲप कोलमडतं, आणि तोवर ती कमांड कुणाच्या डोक्यात नसते.

दुरुस्ती

इंटरनेटवर पहिला मिळणारा उपाय म्हणजे यूआरएलमध्ये अलाउ-पब्लिक-की-रिट्रीव्हल=ट्रू टाकणं. त्याने चूक जाते. पण ड्रायव्हरने तो मुळात बंद का ठेवला आहे याचा विचार करा: मध्ये कुणी बसलं असेल तर तो सर्व्हरच्या नावाने स्वतःची की पाठवेल आणि आपण त्या कीने कुलूपबंद केलेला पासवर्ड त्याच्या हातात देऊ. स्वतःच्या लॅपटॉपवरच्या डेटाबेसला हे टाकायला माझी हरकत नाही. लोकांचे पैसे ज्या डेटाबेसमध्ये आहेत तिथे मी ते टाकणार नाही.

दुसरा सुचवला जाणारा उपाय, खातं परत नेटिव्ह प्लगइनवर नेणं. तो आज करू नका. एप्रिल २०२४ च्या ८.४ मध्ये तो प्लगइन मुळातच बंद ठेवलेला आहे आणि जुलै २०२४ च्या ९.० मधून काढूनच टाकला आहे. हेच दुखणं पुढच्या अपग्रेडला, आणखी मोठं होऊन, परत येईल.

करायचं ते असं. यूज-एसएसएल=फॉल्स काढा आणि एसएसएल-मोड=रिक्वायर्ड टाका. हे सेटिंग कनेक्टर-जे ८.०.१३ पासून आहे, म्हणून कनेक्टर जुना असेल तर आधी तो बदला. ८.० चा सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना सहसा डेटा डिरेक्टरीत स्वतःची प्रमाणपत्रं स्वतःच बनवून ठेवतो, त्यामुळे रिक्वायर्ड बहुतेक ठिकाणी आणखी काही न करता चालतं. रिक्वायर्डने वायर ऐकणाऱ्याला काही कळत नाही, पण समोरचा सर्व्हर खरा आहे का ते तपासलं जात नाही. म्हणून पुढची पायरी व्हेरिफाय-सीए: सर्व्हरच्या डेटा डिरेक्टरीतली सीए.पेम ही फाइल की-टूलने एका ट्रस्ट-स्टोअरमध्ये घ्या आणि त्याचा पत्ता ट्रस्ट-सर्टिफिकेट-की-स्टोअर-यूआरएल मध्ये द्या. व्हेरिफाय-आयडेंटिटी आपोआप बनलेल्या प्रमाणपत्रांवर चालणार नाही, कारण त्यांच्यात होस्टचं नाव नसतं. त्यासाठी नीट काढलेलं प्रमाणपत्र लागतं.

काही कारणाने टीएलएस शक्यच नसेल तर सर्व्हरची पब्लिक_की.पेम फाइल क्लायंटच्या मशीनवर नेऊन ठेवा आणि सर्व्हर-आरएसए-पब्लिक-की-फाइल ला तिचा पत्ता द्या. की वायरवरून मागावी लागत नाही, म्हणून मधल्या माणसाला संधी मिळत नाही. मात्र पासवर्डशिवाय बाकीचा सगळा डेटा उघडाच जातो, हे लक्षात असू द्या.

दुरुस्ती लागू झाली का, ते जावाच्याच कनेक्शनवरून विचारा: शो सेशन स्टेटस लाइक 'एसएसएल_सायफर'. उत्तर रिकामं आलं तर टीएलएस नाही, यूआरएलमध्ये काहीही लिहिलेलं असो.

आमची दुरुस्ती एकदा फसली, ती अशी

मी घाईत फक्त युटिलिटीची यूआरएल बदलली. बॅच ॲपची यूआरएल दुसऱ्या फाइलीत होती, ती पुढच्या रिलीजमध्ये बदलू असं ठरलं. पुढचे दोन रीस्टार्ट अगदी सुरळीत गेले: युटिलिटी पास, बॅच पास. काम झालं असं समजून आम्ही ते प्रकरण मिटवलं.

तिसऱ्या वेळी क्रॉनच्या साफसफाईत युटिलिटीची ओळ गळली आणि बॅच सरळ पडला, त्याच जुन्या चुकीने.

ॲप कधी बरं झालंच नव्हतं. टीएलएसने जाणारी युटिलिटी दर पहाटे त्याच खात्याची कॅश भरत होती आणि ॲप तिच्या मागोमाग आत शिरत होतं. तपासायला ठेवलेला प्रोग्रॅम नकळत औषध देत होता, आणि तपासणी म्हणून त्याचं "पास" खोटं होतं. तेव्हापासून माझा एक हट्ट आहे: कनेक्शन तपासणाऱ्या युटिलिटीला स्वतःची यूआरएल असता कामा नये. ॲप ज्या प्रॉपर्टीज फाइलीतून यूआरएल, युजर आणि पासवर्ड वाचतं, तीच फाइल तिने वाचायची, आणि लायब्ररी फोल्डरमधली ॲपचीच कनेक्टर जार वापरायची. सेटिंगमध्ये एका शब्दाचा फरक असला तरी आपण दुसरंच काहीतरी तपासतोय.

यातून पासवर्डचा प्रश्नही सुटतो. आधी तो आर्ग्युमेंट म्हणून दिला जायचा, म्हणजे पीएस (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी कमांड) चालवणाऱ्या कुणालाही दिसायचा.

युटिलिटी आता काय करते

ती जाणूनबुजून लहान ठेवली आहे, एकच सोर्स फाइल. जावा ११ पासून एका फाइलचा प्रोग्रॅम वेगळा कंपाइल न करता थेट चालवता येतो, क्लासपाथमध्ये कनेक्टरची जार दिली की झालं. जार बनवून डॅश-जार ने चालवायची असेल तर सांभाळा: तेव्हा कमांडवर दिलेला क्लासपाथ जावा बघतच नाही, आणि "नो सूटेबल ड्रायव्हर" येतं. त्या चुकीची एसक्यूएल-स्टेट ०८००१ असते, म्हणजे नुसती स्टेट बघणाऱ्याला ती कनेक्शनचीच चूक वाटते. संदेश वाचल्याशिवाय पर्याय नाही.

आधी होस्टचं नाव सोडवून पत्ता छापायचा, मग सॉकेटने पोर्टला लागून बघायचं, मग ड्रायव्हर-मॅनेजरकडून खरं कनेक्शन, मग करंट-युजर आणि सायफर विचारायचं. प्रत्येक टप्प्याला किती मिलिसेकंद लागले ते छापायचं, आणि प्रत्येक टप्प्याचा एक्झिट कोड वेगळा. पहाटे फोन उचलणाऱ्याला "कोड ४" एवढं ऐकून नेटवर्कवाल्यांना उठवायचं की नाही ते कळतं.

सॉकेटचा टप्पा एकटा कधीही ठेवू नका. पोर्टला लागून, हँडशेक पुरा न करता सोडून दिलं की सर्व्हर ते अर्धवट कनेक्शन म्हणून त्या होस्टच्या नावावर मोजतो. मॅक्स-कनेक्ट-एरर्सची मूळ मर्यादा १०० आहे. लागोपाठ तेवढे झाले की होस्टच बंद होतो आणि ११२९ क्रमांकाची चूक येऊ लागते. मधे एखादं पुरं झालेलं कनेक्शन आलं की मोजणी शून्यावर जाते, म्हणून आपल्या युटिलिटीत सॉकेटनंतर लगेच लॉगइन येतं.

टाइमआउट यूआरएलमध्ये लिहा. कनेक्टर-जे मध्ये कनेक्ट-टाइमआउट आणि सॉकेट-टाइमआउट मिलिसेकंदांत असतात आणि मूळ किंमत शून्य, म्हणजे जावाच्या बाजूने मर्यादाच नाही. पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरमध्ये याच नावांची सेटिंगं सेकंदांत असतात. एकाची यूआरएल दुसरीकडे उचलून टाकणाऱ्याने ३०००० लिहिलं, तर तो आठ तासांहून जास्त वाट बघत बसेल.

इझ-व्हॅलिड (कनेक्शन जिवंत आहे का ते विचारणारी जावाची मेथड) वर मात्र या कामासाठी भिस्त ठेवू नका. ते उघड्या कनेक्शनवर पिंग पाठवतं. लॉगइन पुन्हा होतं का ते बघत नाही. पूलमधून घेतलेलं कनेक्शन इझ-व्हॅलिडला ट्रू म्हणत असताना नवं कनेक्शन नाकारलं जात असू शकतं, आणि या दुखण्यात अगदी तेच होतं. युटिलिटीने दर वेळी नवं कनेक्शन उघडायचं आणि बंद करायचं.

सगळं बदलून झाल्यावर शेवटची चाचणी रीस्टार्टनेच करा. सर्व्हर उठला की आधी ॲपचं कनेक्शन, मग युटिलिटी, या क्रमाने चालवा, आणि डीबीएला आधीच फोन करून सांगा, की ॲप आत जाईपर्यंत त्या खात्याने कुणीही लॉगइन करून बघायचं नाही.